एक रेडिओ आणि घरभर कान

आमच्या पिढीच्या घरात ऐकणारे कान सात-आठ आणि आवाजाचं यंत्र एक, असा हिशेब होता. मिरजेच्या आमच्या वाड्यात माजघरातल्या फळीवर लाकडी पेटीचा रेडिओ होता. त्यावर आजीनं विणलेला क्रोशाचा रुमाल आणि त्याखाली पोस्टात दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणायचं परवान्याचं पुस्तक. बटण एकच, पण त्यावरचे हक्क दिवसभरात वाटून दिलेले होते आणि ते कुणी कागदावर लिहिलेले नव्हते.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी हक्क बाबांचा. पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, सुधा नरवणे यांचा स्वच्छ, न अडखळणारा आवाज घरभर फिरायचा आणि तोवर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. साडेसातला विविध भारतीवर ‘संगीत सरिता’ लागली की रेडिओ आजोबांचा. दुपारी भांडी आवरून झाली की तो आईचा, आणि ‘आपली आवड’ असेल तेव्हा तर शेजारच्या काकूसुद्धा निवडायचे तांदूळ घेऊन आमच्याकडेच यायच्या. क्रिकेटचा सामना असला की बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनासाठी गल्लीतली मुलं ओट्यावर जमायची. बुधवारी रात्री आठला मात्र ताईशी कुणी वाद घालायचा नाही. अमीन सयानींनी १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू केलेली गीतमाला तोवर घराघरातला नेमच झाली होती. खरखरीतून, मधेच लांब जाणाऱ्या नि परत जवळ येणाऱ्या आवाजातून ताई ती ऐकायची आणि गाण्यांचे क्रमांक वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायची.

आजीकडे याहून जुनी आठवण होती. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, वर्षभरात छप्पन्न गीतं. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात उभे राहून ऐकायचे, रेडिओला हार घालायचे, असं ती सांगायची. एका पेटीभोवती एवढी माणसं बसायची, हे आमच्या पिढीनं मोठ्यांच्या तोंडून ऐकलं आणि लहान प्रमाणात स्वतःही अनुभवलं.

या वाटणीमुळे एक गोष्ट आपोआप घडली. घरात कुणाला काय आवडतं हे प्रत्येकाला माहीत होतं. आईला शब्द कळले पाहिजेत. गाणं कितीही गोड असो, शब्द पुसट झाले की तिचं लक्ष उडायचं. आजोबांना सूर भरलेला हवा. दादाला ठेका. ताईला आवाजातली नजाकत, आणि कर्कश काही वाजलं की ती कपाळाला आठ्या घालून उठून जायची. आम्ही एकमेकांच्या आवडीचं ऐकतच वाढलो, कारण न ऐकण्याची सोयच नव्हती.

मग टेपरेकॉर्डर आला. कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला तीस मिनिटं, म्हणून शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटू नये याची गणितं आधी घरी मांडायची. फीत बाहेर आली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची, आवाज दबल्यासारखा वाटला की कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचं. पुसल्यावर झांजेची किणकिण परत यायची. आवाजातून काय हरवलं आणि काय परत आलं, हे आमच्या कानांनी त्या बोळ्यामुळे ओळखायला घेतलं.

मस्कतला नोकरीला असलेल्या मामानं पुढे वॉकमन आणला आणि घरात पहिल्यांदा एकट्यानं ऐकणं आलं. सोनीनं पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला काढला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं ठेवली होती आणि एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जाऊन दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. शेजारी माणूस बसलेला असताना आपण एकट्यानं ऐकत बसणं हे शिष्टाचाराला धरून नाही, असं कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना वाटलं होतं. लोकांनी मात्र एकट्यानंच ऐकायला घेतलं आणि पुढच्या काळात ते दुसरं भोक गेलं. आमच्याकडे आलेल्या वॉकमनला एकच होतं. त्यामुळे पिवळ्या स्पंजचा एक गोळा ताईच्या कानाला आणि दुसरा दादाच्या, अशी दोन डोकी एकमेकांना टेकवून ऐकण्याची पद्धत आमच्या घरानं स्वतः शोधून काढली. आमच्या वयाच्या बहुतेकांच्या घरात ती सापडेल.

आता घरातले सगळे दिवाळीला एकत्र आले की प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा रेडिओ, सिनेमागृह आणि रेकॉर्डचं कपाट असतं. कानात घालायचे इअरफोनही प्रत्येकाचे वेगळे. बहुतेकांनी ते कसे घेतलेले असतात? फोनच्या दुकानात काउंटरवर लटकत होते म्हणून, रंग आवडला म्हणून, सवलत होती म्हणून. आणि मग आई म्हणते, “अगं, शब्दच कळत नाहीत यात.” दादा म्हणतो, “सगळं पत्र्यावर वाजवल्यासारखं वाटतं.” तक्रारी जुन्याच आहेत. त्या त्या माणसाचा कान चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी जे मागत होता, तेच आजही मागतो आहे.

म्हणून गेली काही वर्षं घरात कुणाला इअरफोन घ्यायचे असले की ते काम माझ्याकडे येतं, आणि ते मी फार मनापासून करते. हजार ते अडीच हजार रुपयांत आज जे मिळतं, ते आमच्या वॉकमनच्या काळात पैसे मोजूनही मिळालं नसतं. कानाच्या नळीत घट्ट बसणारे दर्जेदार इअरफोन अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्चनं १९९१ साली ईआर-४ या नावानं आणले. त्यातलं बारकं यंत्र, ज्याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात, ते श्रवणयंत्रांच्या दुनियेतून आलेलं. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञानं व्हॅन हेलन बँडचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी मंचावर वापरायचे असे इअरफोन बनवले आणि ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या कानात गेले. तेव्हा ही चैन होती. गेल्या दहा-एक वर्षांत चेंगदू, शेन्झेन अशा चिनी शहरांतल्या कंपन्यांनी ती सामान्य खिशाला परवडेल इतकी स्वस्त केली.

किंमत वाढली की आवाज आपोआप बरा होतो, हा समज आधी सोडायला हवा. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा स्वरांचा तोल आणि किंमत यांचा परस्परसंबंध सापडला नाही. महागड्या वस्तूत जडणघडण, डबी, सुटे भाग चांगले असतील. पण खर्ज किती, मधला सूर किती पुढे, वरची धार किती, हा तोल स्वस्तातही नीट साधलेला असू शकतो आणि महागातही बिघडलेला. आपल्याला विकत घ्यायचा असतो तो हा तोल.

मिरजेच्या माणसाला हे पटकन समजतं, कारण आमच्या गावात तोल लावून देणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे. सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढतात ते बघत आम्ही लहानपणी तासन्‌तास उभे राहायचो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत घासत पुढे जाते. कारागीर कानशीनं तो उतार केसभर कमी-जास्त करतो, तार चढवतो, छेडतो, उतरवतो, पुन्हा कानस घेतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा इकडे असताना तार मुकी असते. जरासा तिकडे सरकला की तिच्यातून स्वरांचा सगळा झोत उघडतो. कुणा गायकाला खुली जवारी हवी असते, झगझगीत, वरचे स्वर लखलखणारी. कुणाला गोल हवी, आत दाबलेली, ऊबदार. कारागीर कधी विचारत नाही की चांगली जवारी हवी की वाईट. तो विचारतो, गाणार कोण, पट्टी कोणती.

इअरफोन निवडताना मी हेच दोन प्रश्न विचारते: ऐकणार कोण आणि ऐकणार काय. त्यातही कसोटीला तंबोराच घेते. पुरुष गायकाची काळी एक पट्टी धरली, तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर लागतात आणि खर्जाची चौथी तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. फोनच्या स्वतःच्या चिमुकल्या स्पीकरमधून त्या तारेचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, तिची वरची गुणगुण तेवढी येते. बऱ्या इअरफोनात ती तार पोटातून आल्यासारखी ऐकू आली पाहिजे आणि तिच्या वर जवारीचं इंद्रधनुष्यही अखंड राहिलं पाहिजे. खर्ज आहे पण झळाळी गेली, तर तो इअरफोन काळोखा. झळाळी आहे पण खर्ज नाही, तर पोकळ. पाच मिनिटांचा तंबोरा जाहिरातीच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगून जातो.

आता माणसांकडे येऊ.

आईचं वय ऐंशीच्या पुढे. वयानुसार कानाला आधी वरच्या पट्ट्यांतले आवाज ऐकू येईनासे होतात आणि ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजनं निसटतात. म्हणून आवाज मोठा करूनही शब्द लागत नाहीत. बोललेलं कळण्यासाठी साधारण हजार ते चार हजार हर्ट्झ हा पट्टा महत्त्वाचा असतो. भावगीतं, अभंग, कीर्तन, प्रवचन ऐकणाऱ्या कानाला हा पट्टा जरा पुढे असलेला, वरची बाजू उजळ असलेला आणि खर्ज आवरता ठेवलेला इअरफोन मानवतो. आईसाठी मूनड्रॉप कंपनीचा चू टू घेतला. दहा मिलिमीटरचा एकच पडदा, धातूचं लहानसं कवच, सुटी करता येणारी वायर आणि स्वच्छ, किंचित उजळ आवाज. पहिल्याच अभंगाला ती म्हणाली, “आता टाळ वेगळे नि शब्द वेगळे.” याहून नेमकी पावती कुठली? श्रवणयंत्र लागण्याइतकी अडचण असेल तर मात्र आधी कानाच्या डॉक्टरांकडेच जायला हवं. इअरफोन हा त्यावरचा इलाज नव्हे.

दादाचं गाणं म्हणजे पंचम. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या सुरुवातीला पेल्यावर चमचा वाजल्याचा किणकिणाट आहे, तो त्याला काचेसारखा स्वच्छ हवा आणि पाठोपाठ येणारी बेस गिटार छातीला जाणवली पाहिजे. खालची बाजू भरलेली, पण ती गायकाच्या अंगावर न चढणारी, असं त्याचं मागणं. सेव्हन हर्ट्झचा झीरो टू या जातीचा आहे. आधीच्या झीरोपेक्षा त्याचा खर्ज वाढवलेला आहे. ज्यांना खाली-वर दोन्हीकडे दणका आवडतो, ढोलताशा, डीजे, हिप-हॉप जास्त ऐकतात, त्यांच्यासाठी केझेडसारख्या कंपन्यांचे व्ही आकाराच्या तोलाचे इअरफोन असतात. व्ही आकार म्हणजे खर्ज वर, झांजा वर आणि मधला गळा थोडा मागे. भाच्याला तेच आवडतात आणि त्याच्या गाण्यांना ते शोभतातही. ख्याल ऐकणाऱ्यानं मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण ख्यालातला जीव मधल्या पट्टीत असतो.

ताईची गोष्ट वेगळी. तिचा कान धारेला फार हळवा. पाच ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास इअरफोन जरा टोचरा असला की लताबाईंच्या गाण्यातला प्रत्येक ‘स’ सुईसारखा लागतो. त्यातून तिचा सगळा साठा पन्नास-साठच्या दशकातला. ती ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, शिवाय तव्याची खरखर आणि फितीचा सुसकारा. फार उजळ इअरफोन हा सुसकारा पुढे आणून बसवतो. तिला तांगझूचा वान-अर बसला. मऊ, ऊबदार, गळा जवळ आणणारा, तास-दोन तास ऐकून कान न शिणवणारा. आईच्या कानाला वरची पट्टी मुळातच कमी पोचते, म्हणून तिला उजळ इअरफोन खुपत नाही. ताईच्या कानाला तोच खुपतो. माय-लेकी तीच गाणी ऐकतात, तरी दोघींचे इअरफोन वेगळे. कान पाहून निवडायचं ते यासाठी.

नमुना कितीही चांगला निवडला तरी तो कानात नीट बसला नाही तर सगळं फुकट. पेटीत रबराच्या लहान, मध्यम, मोठ्या टोप्या येतात. बहुतेक लोक लावून आलेली मधलीच ठेवतात. कानाची नळी आणि टोपी यांत फट राहिली की खर्ज पहिल्यांदा पळतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. दादाची जुनी तक्रार निम्मी टोपीचीच होती. दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर नि मागे ओढावी, इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवावा, वायर कानावरून मागे घ्यावी आणि तंबोऱ्याची चौथी तार लावावी. ती भरून आली की टोपी बरोबर. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान लागणं अगदी नेहमीचं आहे. स्पंजच्या टोप्या जास्त घट्ट बसतात आणि धार थोडी मऊ करतात, पण काही महिन्यांनी बदलाव्या लागतात. टोप्या एकमेकांच्या वापरू नयेत आणि तोंडावरची बारीक जाळी कोरड्या मऊ ब्रशनं अधूनमधून झाडावी.

नव्या पुष्कळ फोनांना गोल साडेतीन मिलिमीटरचं भोक राहिलेलं नाही. त्यासाठी टाइप-सीचा छोटा जोड मिळतो आणि त्यातच आवाज तयार करणारी चिप बसवलेली असते. बिनवायरचे इअरफोन फिरताना, स्वयंपाक करताना सोयीचे, पण त्यांची बॅटरी वर्षागणिक दमते. बसून ऐकायला तेवढ्याच पैशांत वायरचे जास्त देतात. एखाद्याला जरा जास्त खर्ज किंवा जरा कमी धार हवी असेल, तर फोनमधल्या इक्वलायझरवर दोन-तीन डेसिबलचा फेर पुरतो.

आणि आवाज आवरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. लोकलमध्ये, एसटीत बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण आवाज चढवत नेतो. नीट बसलेली टोपी तो गोंगाट बाहेर ठेवते आणि कमी आवाजात पुरेसं ऐकू येतं. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत, यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.

हे सगळं करताना मला सारखं जाणवतं की ही निवड मी करू शकते ती आमच्या एका रेडिओमुळे. आईला शब्द हवेत, दादाला ठेका, ताईला मऊपणा, हे मला कुठल्या तक्त्यात वाचावं लागलं नाही. एका खोलीत एकत्र ऐकून ते अंगात मुरलं. भाच्याला काय हवं हे कळायला मात्र मला त्याच्या शेजारी बसून त्याची गाणी ऐकावी लागली, कारण ती घरात कधी मोठ्यानं वाजलीच नव्हती. तासाभरात मला कळलं की शब्दांचा मारा आणि त्याखालचा खोल ठोका त्याला एकाच वेळी हवा असतो, आणि त्याला कळलं की मावशी ते मन लावून ऐकते. आमच्या पिढीला एकमेकांचे कान फुकटात ओळखता आले. यापुढच्या घरांना त्यासाठी वेळ काढून शेजारी बसावं लागेल.

म्हणून माझी प्रत्येकाला शिफारस आहे, इअरफोनबरोबर शे-दीडशे रुपयांचा एक दोन तोंडांचा जोडही घ्या. एका फोनला दोघांचे इअरफोन लागतात, प्रत्येकाला स्वतःच्या कानाचा तोल मिळतो आणि गाणं मात्र दोघांचं एकच राहतं. मोरितांनी १९७९ साली दुसरं भोक ठेवलं होतं ते योग्यच होतं. आपल्या घरात ते आपण परत आणू शकतो.